तारीख

आमच्या नोर्दविकला, फेरो बेटांवर,
माणसाला दोन वाढदिवस असतात.
दुसरा कुणी विचारला, तर पटकन सांगता यावा लागतो.

हेयिनचा : चौदा फेब्रुवारी सत्त्याऐंशी.
आइसलंडच्या बाजूला, इंजिन बंद, दोरांवर बर्फ.
"प्रभू, मी तुझा," एवढंच म्हणाला तो.
आणि वारा पडला नाही.
साक्ष देताना हे तो मुद्दाम सांगतो : वारा पडला नाही.

बेर्गतोराचा : मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळी,
कॉडचं पोट फाडता फाडता सुरी खाली ठेवली तिने.
मुकादमाने अर्ध्या तासाचा पगार कापला.

माझी तारीख नाही.

मी सभागृहाच्या तिसऱ्या बाकावर वाढले.
भिंतीवर चित्र नाही, वधस्तंभसुद्धा नाही,
निळ्या रंगात एक वचन, बाबांनी रंगवलेलं.
जागेचा अंदाज चुकला,
शेवटचं अक्षर कोपऱ्यात अंग चोरून बसलंय.
नवा जन्म, कृपा, तो पुन्हा येणार आहे :
हे शब्द मला बटाट्याइतके ओळखीचे.
एकोणिसाव्या वर्षी खाडीत बाप्तिस्मा घेतला.
पाण्याखाली गेले, वर आले,
आणि खरं सांगायचं तर, थंडी वाजली.

बाबांचं दुकान होतं : गळ, दोर, मेणकापडाचे कोट.
सगळं गाव उधारीवर समुद्रात जायचं.
'सूला' बुडाली त्या वर्षी
मार्यूनच्या नवऱ्याच्या पानावर आकडा मोठा होता.
बाबांनी कपाटातून स्वतःचे पैसे काढले,
मोजून गल्ल्यात टाकले,
पानावर आडवी रेघ ओढली. फिटले.
आई म्हणाली, नुसतं पान फाडायचं होतं.
बाबा म्हणाले, फाडलं असतं तर
कुणीच दिलं नसतं. कुणीतरी द्यावं लागतं.
त्या हिवाळ्यात आईचा कोट आला नाही.
आई ते विसरली, असं मी म्हणणार नाही.

आणि मार्यून?
दुकान दिसलं की रस्ता बदलायची.
कर्ज फिटलेलं, आणि बाई
चार महिने धुक्यातून, मेंढ्यांच्या वाटेने
लांबून घरी जायची.
शेवटी बाबाच टेकडी चढून तिच्या दारात गेले.
मला कुणी विचारलं की तुम्ही लोक
एवढं दारोदार का सांगत फिरता,
तर मला दुसरं काही सुचत नाही.
ती वाट आठवते. तिचे भिजलेले मोजे.

आता बाबा शहाऐंशीचे, वृद्धाश्रमात.
दुकान गेलं, 'सूला' गेली, आईसुद्धा अधूनमधून जाते.
स्वतःची तारीखही गेली त्यांची,
जी झोपेतून उठवलं तरी सांगायचे.
एक प्रश्न तेवढा राहिला.
दर गुरुवारी मी खुर्ची ओढते, ते माझ्याकडे बघतात,
अनोळखी बाईकडे बघावं तसं, अदबीने :
"बाई, तुमचं तारण झालंय?"

आधी म्हणायचे, हो.
"कधी?"
मग मी गप्प. ते कष्टी.
चष्मा काढून पुसत बसायचे.

एकदा, वैतागून म्हणा, म्हणाले :
आज.

त्यांचा चेहरा!
मी त्यांना असं रडताना
आईच्या मातीलासुद्धा पाहिलं नव्हतं.
माझे हात धरून प्रार्थना केली,
स्वर्गात आत्ता काय गडबड उडाली असेल, म्हणाले,
आणि नर्सला हाक मारून सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.
आज. पुन्हा रडू, पुन्हा कॉफी.
हे खोटं आहे का, मला ठरवता येत नाही.
तिसऱ्या की चौथ्या वेळी
ते शब्द तोंडातून निघताना घसा दाटला,
आणि मी त्यांच्याकडे बघतच नव्हते.

जाताना ते पेन्सिल मागतात.
उशाशी ते जुनं पुस्तक, काळं, कडा झिजलेल्या,
पहिल्या कोऱ्या पानावर माझं नाव विचारून लिहितात,
समोर तारीख.
अकरा झाल्या आता.
शेवटच्या दोन तारखांना जागा पुरली नाही,
कोपऱ्यात अंग चोरून बसल्यात.